खान्देशातून समुद्राकडे निघताना: स्नॉर्केलिंगचं सामान मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी कसं निवडावं

आमच्याकडे पोहायला शिकायचं म्हणजे विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधायचा, काकांनी काठावरून ढकलायचं, चार घोट पाणी पोटात गेलं की पोहणं आलं. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मालवणला स्नॉर्केलिंगचं, म्हणजे तोंड पाण्यात बुडवून नळीने श्वास घेत, तरंगत मासे बघायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, सामान ते काय, एक काच आणि एक नळी. जळगावात घरबसल्या मोबाइलवर चित्रं बघितली, ‘फ्री साइज’ वाचलं आणि चार संच मागवले.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोट थांबली. पहिल्या पाच मिनिटांत यांच्या मास्कमध्ये मिशीखालून पाणी शिरलं, माझी काच धुक्याने भरली, आणि सात वर्षांचा धाकटा नळीतून खारं पाणी ओढून रडत बोटीवर चढला. थोरली तेवढी गळक्या मास्कने पाच-सहा पट्टेरी मासे बघून आली आणि रात्रभर तेच सांगत राहिली. बोटीत बसलेल्या सासूबाईंनी माझा मास्क हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, “हाई काय शे वं?” मला धड सांगता आलं नाही.

त्यानंतर दोनदा जाऊन आलो. सामान बदललं, काही वाया गेलं, काही उपयोगी पडलं. आपल्या भागातून वर्षा-दोन वर्षांत एकदाच समुद्र बघायला मिळतो, तो दिवस गळक्या मास्कपायी जाऊ नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

१. आधी ठिकाण, मग सामान

नकाशा बघितला तर आपल्याला सुरत जवळ. भुसावळ-नंदुरबारवरून गाडी आहे, शिवाय आपली तापीही तिकडेच समुद्राला मिळते. पण तिथे मास्क नेऊ नका. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी जबरदस्त असते, गाळ कायम ढवळलेला असतो. सुरतजवळच्या डुमस किनाऱ्यावर पाय ओले होतील, मासा दिसणार नाही. अलिबागचीही तीच गत.

महाराष्ट्रात स्नॉर्केलिंग म्हणजे मालवण आणि तारकर्ली. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि त्यात मासे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जाणं) शिकवणारी संस्थासुद्धा आहे. भुसावळ-जळगाववरून मंगला एक्स्प्रेस कोकण रेल्वेच्या मार्गाने जाते. मालवणला जाण्यासाठी सोयीचं स्टेशन म्हणजे कुडाळ. थोडं लांब जायची तयारी असेल तर कर्नाटकात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे. अंदमान आणि लक्षद्वीपचं पाणी तर काचेसारखं. फक्त लक्षद्वीपला आपल्यालाही आधी प्रवेश परवाना काढावा लागतो, तिकिटं त्यानंतर.

पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. मे महिन्यात गर्दी असते. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

२. काय विकत घ्यायचं, काय भाड्याने

बोटवाले मास्क, नळी आणि लाइफ जॅकेट देतात, भाडं बहुतेक वेळा तिकिटातच असतं. मग विकत घ्यायचंच कशाला? कारण मास्क हा चपलेसारखा असतो, ज्याचा त्याला बसतो. बोटीवरच्या बादलीतले दहा मास्क एकाच मापाचे, त्यांतला निम्मा माल जुना, आणि मुलांच्या मापाचा एखादाच.

माझं सरळ मत: पैसे कमी असतील तर फक्त मास्क विकत घ्या, प्रत्येकाचा वेगळा. दुसरा नंबर नळीचा, कारण ती तोंडात धरायची असते आणि आधीच्या गिऱ्हाइकाच्या तोंडातली मला तरी नको वाटते. लहान मूल असेल तर त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट. पायाचे पंख (फिन्स) शेवटी. पहिल्यांदा जाणारे लोक नेमके उलटे करतात: रंगीत पंख बघून भुलतात आणि मास्क संचातला येईल तो घेतात. आम्हीही तेच केलं होतं.

३. मास्क

पोहण्याचा गॉगल चालत नाही. त्यात नाक बाहेर राहतं. थोडं खाली गेलं की पाण्याचा दाब गॉगल डोळ्यांवर दाबतो, आणि आतली हवा वाढवायला नाक आत नसतं. स्नॉर्केलिंगच्या मास्कमध्ये नाक झाकलेलं असतं. नाकातून हळूच हवा सोडली की दाब सारखा होतो.

काच टेम्पर्ड हवी. काचेच्या कोपऱ्यात तसं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. प्लास्टिकची काच लवकर ओरखडते आणि धुकंही जास्त धरते. चेहऱ्याला टेकणारी कड सिलिकॉनची हवी. स्वस्त संचांत ती पीव्हीसी प्लास्टिकची असते: हाताला कडक, चकचकीत, नव्या चपलेसारखा वास. सिलिकॉन कानाच्या पाळीसारखं मऊ असतं, दाबून सोडलं की लगेच जागेवर येतं. वेष्टनावर काहीही छापलेलं असो, बोटांनी दाबून बघितल्याशिवाय घेऊ नका.

माप बघायची पद्धत मला एका बोटवाल्या दादांनी दाखवली. केस मागे घ्या. पट्टा डोक्यावर न चढवता मास्क नुसता चेहऱ्याला लावा. नाकातून हलकासा श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला, मान हलवली तरी पडला नाही, तर तो तुमचा. हवा कुठून तरी आत येत असेल तर तो तुमचा नाही, पट्टा कितीही आवळला तरी. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट कड वाकडी होऊन वाढते. आमच्या पहिल्या सहलीत यांच्या कपाळावर संध्याकाळपर्यंत लाल गोल उमटलेला होता आणि पाणी येतच होतं.

हीच चाचणी पुन्हा करा, पण नळीचा दातात धरायचा भाग तोंडात घेऊन. गाल ताणले की कड उचलते. दुकानात हे कुणी सांगत नाही. ऑनलाइन घेणार असाल तर परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या, आणि आल्या दिवशी घरी चाचणी करा. निघायच्या आदल्या रात्री बॅग भरताना पिशवी फोडू नका.

मिशीवाल्यांसाठी: नाकाखाली जिथे कड टेकते तिथे केस असले की पाणी आत येणारच. सगळी मिशी काढायची गरज नाही. नाकाच्या अगदी खालची बोटाच्या नखाएवढी पट्टी बारीक केली की काम होतं. आमच्याकडे यावर दोन दिवस चर्चा झाली, शेवटी भाऊजींनी “समुद्रात कोण बघतंय भो” म्हणून कात्री लावली. व्हॅसलीन फासायचा सल्लाही मिळेल. त्याने कडेचं नुकसान होऊ शकतं, सिलिकॉन ग्रीस असेल तरच लावा.

चष्मावाल्यांसाठी: मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही, काड्यांमुळे कड उघडी राहते. काही मास्कना उणे नंबरच्या तयार काचा बसवता येतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने मिळतात. तुमचा नेमका नंबर नसेल तर किंचित कमीचा घ्या, कारण पाण्याखाली वस्तू जवळपास एक तृतीयांशाने मोठ्या आणि थोड्या जवळ दिसतात. दीड-दोन नंबर असेल तर साध्या मास्कनेही बरंच भागतं. माझा तेवढाच आहे, मला वेगळी काच लागली नाही.

आणि ते धुकं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला बारीक थर असतो, तो गेला नाही तर कितीही थुंका, धुकं येणार. साधी पांढरी टूथपेस्ट, जेलची नाही, आतल्या बाजूने बोटाने चांगली चोळा, धुवा, पुन्हा चोळा. तीन-चारदा. (काच प्लास्टिकची असेल तर हे करू नका, ओरखडे पडतील. लायटरची ज्योत फिरवण्याचे व्हिडिओ आहेत, तो उद्योगही नको, सिलिकॉन जळतं.) मग प्रत्यक्ष पाण्यात उतरण्याआधी थुंकी किंवा लहान बाळाच्या शॅम्पूचा एक थेंब आत फिरवून हलकं विसळायचं. किळस येते हे मान्य, पण सगळे तेच करतात.

४. नळी

नळीचे ढोबळ तीन प्रकार. साधी, वर उघडी. वर लाटेचे शिंतोडे अडवणारं टोपण असलेली. आणि वर तरंगता व्हॉल्व्ह असलेली, जी पाण्याखाली गेली की आपोआप बंद होते. तिला ‘ड्राय’ म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला आणि मुलांना ही तिसरी बरी. फक्त व्हॉल्व्ह वाळूने अडकू शकतो आणि अडकला की श्वास येत नाही, म्हणून दर वेळी पाण्यात उतरण्याआधी हलवून आवाज ऐका. तोंडाजवळ खाली आणखी एक छोटा व्हॉल्व्ह असेल तर उत्तम, आत आलेलं पाणी फुंकरीने तिथून निघून जातं.

आता आपल्याकडचा खास धोका. आमच्या पुतण्याने ठिबक सिंचनाची १६ मिलिमीटरची लॅटरल (प्लास्टिकची नळी) कापून नळी बनवली होती, चांगली दीड हात लांब, म्हणजे खोल जाऊन बघता येईल. लहानपणी पपईच्या पानाचा पोकळ दांडा तोंडात धरून आपणही विहिरीत तोच खेळ केला आहे. तो खेळ काठावर, डोकं जेमतेम बुडवून होता म्हणून निभावला. लांब नळीचा घोटाळा दुहेरी आहे. एक तर सोडलेला श्वास नळीतच राहतो आणि तोच पुन्हा आत ओढला जातो. थोड्या वेळात डोकं जड होतं, भोवळ येते. दुसरं, खाली छातीवर पाण्याचा दाब असतो आणि नळीतली हवा मात्र वरच्या दाबाची. पाऊण-एक मीटर खालीसुद्धा फुप्फुसं फुगवायला छातीतलं बळ पुरत नाही. म्हणून विकतची नळी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरच असते. त्याहून लांब काही दिसलं तर हात लावू नका, आणि घरी बनवू तर मुळीच नका.

दातात धरायचा भाग सिलिकॉनचा आणि मऊ हवा. कडक असेल तर अर्ध्या तासात जबडा दुखतो. नळी मास्कच्या डाव्या बाजूला लावतात.

५. पूर्ण चेहऱ्याचा मास्क घ्यावा का?

नाक-तोंड सगळं झाकणारा, हेल्मेटसारखा मास्क २०१४ पासून बाजारात आला आणि जाहिरातीत फारच सोपा दिसतो. दातात काही धरायचं नाही, नाकाने श्वास. मोह मलाही झाला होता.

मुलांना मी तो देणार नाही. आतली जागा मोठी. स्वस्त नकलांमध्ये सोडलेली हवा नीट बाहेर जात नाही आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. पाणी शिरलं किंवा घाबरलात तर साधा मास्क एका झटक्यात निघतो, नळी तर नुसती थुंकून टाकता येते. हा डोक्यावरून ओढून काढावा लागतो. शिवाय बहुतेकांत नाक दाबून कानांवरचा पाण्याचा दाब मोकळा करता येत नाही, म्हणजे खाली बुडी नाही. घ्यायचाच असेल तर मोठ्यांनी, नावाजलेल्या कंपनीचा, आणि शांत पाण्यात वर तरंगण्यापुरताच.

६. मुलांचं सामान

‘मूल वाढेल, एक माप मोठंच घेऊ’ हा शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे चालत नाही. मोठा मास्क आज गळणार. वर दिलेली चिकटण्याची चाचणी मुलांवरही करा. त्यांना ती खेळासारखी वाटते, आमचा धाकटा मास्क चिकटवून घरभर फिरला. आठ-नऊ वर्षांच्या पुढे बऱ्याच मुलांना मोठ्यांच्या लहान मापाचा मास्क बसतो, तो घेतला तर पुढेही चालतो.

नळी मात्र मुलांचीच, आखूड आणि कमी जाडीची. त्यांची फुप्फुसं लहान, मोठ्यांच्या नळीतला शिळा श्वास त्यांना जास्त भारी पडतो. तोंडातला भागही लहान हवा, नाहीतर ओठ मिटत नाहीत. सहा-सात वर्षांच्या मुलाचे पुढचे दात पडलेले असतील तर नळी धरणं अवघड जातं. माझा धाकटा पहिल्या वेळी रडला त्याचं खरं कारण हे होतं, मला ते वर्षभराने कळलं. अशा वेळी नळी बाजूला ठेवा. नुसता मास्क घालून, श्वास रोखून, लाइफ जॅकेटवर तरंगत बघू द्या. दहा सेकंद बघायचं, डोकं वर काढायचं. त्या वयाला तेवढं पुरतं.

खेळण्यांच्या दुकानात कार्टून छापलेले संच मिळतात. ते टबात खेळायला आहेत, समुद्राला नाहीत. दंडात घालायचे फुगेही तसेच, त्यांच्या भरवशावर मुलाला पाण्यात सोडू नका.

७. लाइफ जॅकेट

पट्टीचं पोहता येत असलं तरी घाला. विहिरीतलं पाणी जागेवर असतं, समुद्राचं ओढत नेतं. मुलाचं जॅकेट वजनाप्रमाणे घ्या. आत किती किलोपर्यंत ते लिहिलेलं असतं. दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा हवा. घालून सगळे पट्टे लावा आणि खांद्याला धरून मुलाला वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे. बोटीवर बऱ्याचदा मोठ्यांचीच असतात, म्हणून आम्ही धाकट्याचं घरून नेतो. गाडीच्या बर्थखाली बरीच जागा खातं, इलाज नाही.

८. पायाचे पंख

मालवणला पहिल्यांदा जात असाल तर बिनापंखांचं भागतं. गाइड तरंगत्या रिंगला धरून नेतो. पंख घालून नवखा माणूस उभा राहू पाहतो, तिथे प्रवाळ मोडतो. आणि प्रवाळ वन्यजीव कायद्यात वाघाच्याच यादीत आहेत. पाय टेकवायचा नाही, तुकडा आठवण म्हणून घरी आणायचा नाही. घ्यायचेच झाले तर आखूड, पूर्ण टाचेचे घ्या. घालून पाय झटका: निघायला नको, बोटं चुरगळायलाही नकोत. काठावर चालायचं तर उलटं चाला.

९. अंगावरचं

आपण उन्हाळ्यात ४५ अंश सोसणारी माणसं, समुद्राचं ऊन काय करणार असं वाटतं. पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या तासभर उघड्या असतात आणि पाण्यामुळे भाजल्याचं कळत नाही. रात्री पाठ टेकवत नाही. लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट असा पोहण्याचा टी-शर्ट आणि लेगिंग घाला. सुती कुर्ता नको, पाणी पिऊन जड होतो. सनस्क्रीन कमी लागेल हा आणखी फायदा, कारण ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही त्यातली रसायनं प्रवाळाला मारक ठरतात म्हणून हवाई बेटांवर २०२१ पासून त्यांच्या विक्रीला बंदी आहे. डबीवर घटक वाचून घ्या, झिंक ऑक्साइडचं चालतं.

१०. निघण्याआधी सराव

पहिला सराव घरी, टबात किंवा मोठ्या घंगाळात. तोंड बुडवून नळीतून संथ श्वास, पाच मिनिटं. मुलांना टीव्हीसमोर मास्क आणि नळी लावून बसवा. तोंडानेच श्वास घ्यायची सवय होते. दुसरा सराव पोहण्याच्या तलावात, उथळ बाजूला: नळीत पाणी मुद्दाम घेऊन ‘टू’ म्हणत जोरात फुंकून काढणे, आणि मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन, कपाळाकडची कड दाबून, नाकातून हवा सोडत ते बाहेर घालवणे. या दोन गोष्टी जमल्या की भीती जाते.

शेततळ्यात सराव करू नका. मळ्यात चुलत भावांनी सुचवलं होतं, पाणी स्वच्छ आहे, कोणी नाही. खालचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने गुळगुळीत असतो, उतार सरळ असतो, आणि एकदा घसरलेल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. हतनूर धरणाच्या पाण्यात तर काही दिसतही नाही.

दमा, हृदयविकार, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. आणि बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन ‘दम साठवू’ नका, त्याने पाण्याखालीच शुद्ध हरपते. एकट्याने जायचं नाही, मूल हाताच्या अंतरावर.

११. पिशवीत काय काय

- प्रत्येकाचा मास्क, कडक डबीत. नाव मार्करने पट्ट्यावर
- नळ्या, आणि मास्कला नळी अडकवायची एक जादा कडी (तीच आधी तुटते)
- मुलाचं लाइफ जॅकेट
- बाळाच्या शॅम्पूची छोटी बाटली
- लांब बाह्यांचे कपडे, टॉवेल, तळ पक्का असलेले पाण्यातले बूट, कारण खडकांवर समुद्री साळिंदराचे काटे असतात
- आधार कार्ड सगळ्यांचं, प्लास्टिकच्या पिशवीत
- बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी, आणि सकाळी हलका नाश्ता. शेवभाजी रात्री.

१२. परत आल्यावर

त्याच संध्याकाळी सगळं गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, नळीचा व्हॉल्व्ह बोटाने हलवत धुवा. आपल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, म्हणून शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा, मग मऊ फडक्याने पुसणे. सावलीत वाळवा. काळ्या सिलिकॉनचा आणि पारदर्शक सिलिकॉनचा मास्क एकमेकांना टेकवून ठेवू नका, पारदर्शक काळवंडतो. गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवरच्या खोलीत तर नकोच. जळगावच्या मे महिन्यात माझ्या पहिल्या मास्कची कड तिथेच वाकडी झाली आणि परत सरळ झाली नाही. आता सगळे मास्क आपापल्या डब्यांत, खालच्या मजल्यावर, गहू ठेवायच्या कोठीशेजारी असतात.